कायदा संमत होण्याआधी त्यातील भ्रष्टाचाराच्या वाटा तपासा: महाराष्ट्र विधानमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय अध्यक्ष, महाराष्ट्र विधानसभा,
माननीय सभापती, महाराष्ट्र विधानपरिषद,
आणि दोन्ही सभागृहांचे सन्माननीय सदस्य

विषय : विधेयके व नियमांच्या मसुद्यांची भ्रष्टाचाराच्या जोखमीच्या दृष्टीने पूर्वतपासणी करण्याबाबत

महोदय, महोदया,

आपल्यासमोर येणाऱ्या विधेयकांच्या शेवटी काही ठरलेली पाने जोडलेली असतात. उद्देश व कारणे यांचे निवेदन असते, राज्याच्या तिजोरीतून खर्च होणार असेल तर वित्तीय ज्ञापन असते, आणि नियम करण्याचा अधिकार शासनाकडे सोपवला असेल तर त्याविषयीचेही ज्ञापन असते. हा कायदा का हवा, त्याला पैसा किती लागेल आणि त्याखालचे नियम कोण करील, या तीन प्रश्नांची उत्तरे अशा रीतीने सभागृहाच्या हाती आधीच येतात. चौथा प्रश्न मात्र कोठेही विचारला जात नाही: या कायद्याने कोणाच्या हाती असा अधिकार जातो आहे की जो पैसे घेऊन वापरता किंवा अडवून ठेवता येईल, आणि तसे होऊ नये म्हणून मसुद्यात काय केले आहे? हा प्रश्न लेखी विचारला जावा, त्याचे लेखी उत्तर विधेयकासोबत यावे आणि ते उत्तर संबंधित खात्याबाहेरच्या कोणीतरी तपासलेले असावे, या मागणीसाठी हे पत्र लिहीत आहे.

मी महसुली आणि शासकीय सेवेच्या प्रकरणांत वकिली करतो. त्यामुळे कायद्याची कलमे मला अर्जदाराच्या बाजूने, टेबलाच्या अलीकडून वाचावी लागतात, आणि तेथून ती वेगळी दिसतात. एखाद्या परवानगीच्या नियमात असे लिहिलेले असते की अर्ज आवश्यक त्या कागदपत्रांसह सक्षम प्राधिकाऱ्याकडे करावा आणि प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास त्याने योग्य त्या अटींवर परवानगी द्यावी. सभागृहात वाचताना यात खटकण्यासारखे काही नाही. पण कागदपत्रांची यादी नियमात नसते, म्हणून अर्ज दाखल झाल्यावर पहिले त्रुटीपत्र येते ते ताज्या सातबाऱ्यासाठी. त्याची पूर्तता केली की दुसरे येते मोजणीच्या नकाशासाठी. नकाशा हाती पडेपर्यंत सातबारा जुना झालेला असतो, आणि मग तिसरे पत्र येते दुसऱ्या खात्याच्या ना-हरकत प्रमाणपत्रासाठी. यातले एकही पत्र बेकायदा नसते. प्रत्येकावर जावक क्रमांक असतो, प्रत्येकात दाखवलेली त्रुटी खरी असते, आणि तिसऱ्या पत्रानंतर कचेरीबाहेरचा मध्यस्थ अर्जदाराला बाजूला घेऊन सांगतो, की एकदा साहेबांशी बोलून घ्या. सर्व त्रुटी एकाच पत्रात आणि ठरावीक दिवसांत कळवाव्यात, त्यानंतर नवी त्रुटी काढता येणार नाही, असे एक वाक्य नियमात असते तर त्या मध्यस्थाला फारसे काम उरले नसते. ते वाक्य कोणी मुद्दाम गाळले असा आरोप मी करीत नाही. ते आहे की नाही हे पाहण्याची जबाबदारी कोणावरच नव्हती, एवढेच मला म्हणायचे आहे.

हे झाले रोजचे. याहून कितीतरी मोठे उदाहरण नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचे आहे. १९७६ चा हा कायदा मुंबईसारख्या शहरात रिकाम्या जमिनीच्या धारणेवर ५०० चौरस मीटरची मर्यादा घालणारा होता आणि अतिरिक्त जमीन सर्वसामान्यांच्या उपयोगी यावी हा त्याचा हेतू होता. त्या हेतूला विरोध करणे अवघड होते, आणि कदाचित त्यामुळेच कलम २० कडे हवे तेवढे लक्ष गेले नाही. या कलमाने राज्य शासनाला सूट देण्याचा अधिकार दिला आणि त्यासाठी दोन आधार सांगितले. जमिनीचे स्थान, तिचा वापर वगैरे पाहता सूट देणे लोकहिताचे आहे अशी शासनाची खात्री होणे, हा पहिला. आणि कायद्यामुळे जमीनधारकाला अवाजवी त्रास होतो आहे अशी शासनाची खात्री होणे, हा दुसरा. दुसऱ्या आधारावर सूट देताना कारणे लेखी नोंदवावीत अशी अटही होती.

आता हेच कलम एखाद्या तपासनिसाने १९७६ मध्ये, कायदा होण्याआधी वाचले असते तर त्याने काय विचारले असते? लोकहित कशात आहे हे ठरवण्याची कसोटी कोणती, आणि ती कायद्यात का नाही? त्रास अवाजवी ठरतो तो कोणत्या मर्यादेपलीकडे? नोंदवलेली कारणे फाइलीतच राहणार की प्रसिद्ध होणार? सूट मिळालेल्या जमिनींची नोंदवही कोणी ठेवायची आणि ती पाहण्याचा हक्क कोणाला? शहरातील जमिनीचा भाव जसजसा चढत जाईल तसतशी या एका सहीची किंमतही चढत जाईल, हे कोणी हिशेबात धरले आहे काय? हे प्रश्न विचारायला पुढे काय घडणार याचे ज्ञान लागत नव्हते. ते कलमाच्या मजकुरातच होते. पुढे महाराष्ट्रात याच कलमाखालच्या गृहयोजना निघाल्या, त्यांतून शासनाकडे आलेल्या सदनिका मुख्यमंत्र्यांच्या स्वेच्छाधीन कोट्यातून वाटल्या गेल्या आणि त्या वाटपाविरुद्ध उच्च न्यायालयापर्यंत याचिका गेल्या. २००७ च्या नोव्हेंबरात राज्याने हा कायदा रद्द करणारा केंद्राचा निरसन कायदा स्वीकारला तेव्हा मूळ कायदा तीस वर्षांहून जुना झाला होता. इतक्या वर्षांत किती जमीन घरांसाठी मिळाली असती आणि किती सुटली, ही चर्चा आपण कायदा गेल्यानंतर करत बसलो.

भ्रष्टाचार रोखण्यासाठीच केलेला कायदाही या तपासणीतून सुटू नये, असे मला वाटते, आणि त्यासाठी बदल्यांचा कायदा पाहण्यासारखा आहे. शासकीय कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे विनियमन आणि कामातील विलंबास प्रतिबंध करणारा २००५ चा अधिनियम ही महाराष्ट्राची अभिमानास्पद कामगिरी आहे. अण्णा हजारे यांच्या आंदोलनाचा रेटा त्यामागे होता. सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा, बदल्या वर्षातून एकदाच आणि त्या एप्रिल-मे महिन्यांत, एका टेबलावर फाइल सात कामकाजाच्या दिवसांहून जास्त रेंगाळू नये, अशा नेमक्या तरतुदी त्यात आहेत, आणि जेथे आकडा लिहिला आहे तेथे कायदा पक्का आहे. परंतु कलम ४ मध्ये अपवादात्मक परिस्थितीत किंवा विशेष कारणांसाठी, आणि विशेष प्रकरणी, पदावधी पूर्ण होण्याआधीही बदली करता येईल अशी मोकळीक ठेवलेली आहे. कारणे लेखी नोंदवायची आणि वरिष्ठ प्राधिकाऱ्याची पूर्वमान्यता घ्यायची, या दोन अटी आहेत. विशेष कारण कशाला म्हणायचे हे कायदा सांगत नाही. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे मॅटमध्ये, मुदतपूर्व बदल्यांच्या प्रकरणांत ज्यांनी काम केले आहे त्यांना हे पाठ आहे, की वाद कलमाच्या पहिल्या भागावर कधी होत नाही. तो या अपवादावर होतो, आणि नोंदवलेले कारण पुष्कळदा ‘प्रशासकीय निकड’ या दोन शब्दांपुरते असते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी टी. एस. आर. सुब्रमण्यम प्रकरणात बदल्यांबाबत सल्ला देणारी नागरी सेवा मंडळे नेमण्याचे निर्देश दिले ते याच दुखण्यावर. म्हणजे जो प्रश्न २००५ मध्ये मसुद्याच्या समासात लिहिता आला असता, तो न्यायालयाला आठ वर्षांनी निकालपत्रात लिहावा लागला.

यावर असे म्हटले जाईल की विधेयके तर सभागृहात चर्चेला येतातच, सदस्य त्यांतील दोष दाखवतातच. परंतु ज्या मजकुराने सर्वाधिक पैसा इकडचा तिकडे होतो तो मजकूर पुष्कळदा विधेयकात नसतो. तो नियमावलीत, अधिसूचनेत, विकास नियंत्रण नियमांच्या फेरबदलात असतो. गिरणगावाचे उदाहरण आपल्यापैकी मुंबईच्या सदस्यांना नव्याने सांगायला नको. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतील नियम ५८ प्रमाणे गिरणीच्या जमिनीचा पुनर्विकास करताना ढोबळमानाने एक तृतीयांश जमीन मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला आणि उरलेली मालकाला, अशी वाटणी ठरली होती. २००१ मध्ये या नियमात दुरुस्ती झाली आणि वाटणी संपूर्ण जमिनीची न होता केवळ मोकळ्या जमिनीची होईल, गिरणीच्या बांधकामाखालची जमीन तीत धरली जाणार नाही, असे ठरले. गिरण्यांचा बहुतेक भाग बांधकामाखालीच होता. काही शब्दांच्या या बदलाने सार्वजनिक मैदाने आणि स्वस्त घरे यांच्या वाट्याची जमीन किती घटली, हे मुंबईकर पाहतोच आहे. उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००५ मध्ये मोकळ्या जमिनीचा अर्थ व्यापक धरून निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये तो निकाल फिरवला आणि दुरुस्ती टिकली. दुरुस्ती कायदेशीर ठरली आहे आणि तीमागे कोणाचा गैरव्यवहार होता असे मी सुचवत नाही. माझा मुद्दा तपासणीच्या पद्धतीचा आहे. एवढ्या मोठ्या मालमत्तेची वाटणी बदलणारा मजकूर लिहिला जात असताना, यातून कोणाला किती लाभ होतो, तो लाभ मिळणाऱ्यांशी मसुदा कोणी कोणी चर्चिला आणि वाट्याची जमीन गमावणाऱ्यांचे म्हणणे कोणी ऐकले, या तीन प्रश्नांचे एक पान सभागृहाच्या पटलावर यायला हवे होते.

जगात हे काम पद्धतशीरपणे करणारे देश आहेत. दक्षिण कोरियाने २००६ पासून कायदे आणि नियमांच्या मसुद्यांची भ्रष्टाचार-जोखीम तपासणी सुरू केली आणि आज ती तेथील भ्रष्टाचारविरोधी व नागरी हक्क आयोगाकडे आहे. खाते मसुदा तयार करून इतर खात्यांची मते मागवते त्याच टप्प्यावर तो आयोगाकडे जातो, म्हणजे मसुदा अजून कच्चा असताना. आयोग विचारतो ते प्रश्न फार गहन नाहीत. कायदा पाळण्याचा भार इतका जाचक तर नाही ना की लोक पळवाट विकत घेतील. शिक्षा गुन्ह्याच्या मानाने फार हलकी किंवा फार जबर नाही ना. विशिष्ट कोणालाच लाभ होईल अशी रचना नाही ना. अधिकाऱ्याच्या स्वेच्छाधिकाराची कसोटी वस्तुनिष्ठ आहे का. काम बाहेरच्या संस्थेकडे सोपवायचे तर निवडीचे निकष लिहिले आहेत का. अर्जदाराला प्रक्रिया आधी कळते का. निर्णय घेणाऱ्या समितीत हितसंबंध गुंतलेली माणसे बसू शकतात का. लिथुआनियाने २००२ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात अशा तपासणीची तरतूद केली आणि ते काम आपल्या विशेष तपास सेवेकडे दिले. ज्या यंत्रणेला लाचखोर पकडण्याचा अनुभव आहे तिलाच मसुदे वाचायला बसवावे, हा त्यामागचा विचार मला फार पटतो.

हा उपाय रामबाण आहे असे मात्र कोणी समजू नये. रशियात २००९ पासून मसुद्यांच्या भ्रष्टाचारविरोधी परीक्षणाचा स्वतंत्र कायदा आहे, पण तेथील कारभार त्याने स्वच्छ झाल्याचे कोणी म्हणत नाही. मोल्दोव्हात २००६ पासून हे परीक्षण होत आले, तरीही २०१४ मध्ये तेथील तीन बँकांतून सुमारे १ अब्ज डॉलर नाहीसे झाले. परीक्षण अहवाल सल्ल्यापुरता असतो, खाते तो फाइलीला लावते आणि पुढे जाते, असे झाले की सगळा खटाटोप कागदोपत्री उरतो. म्हणूनच अहवाल खात्याकडे न जाता सभागृहाकडे यावा आणि मंत्र्यांना प्रत्येक आक्षेपाला सभागृहातच उत्तर द्यावे लागावे, यावर माझा भर आहे. आक्षेप फेटाळण्याचा अधिकार सभागृहाला असलाच पाहिजे. पण तो कोणत्या कारणाने फेटाळला हे कार्यवृत्तात राहिले पाहिजे.

आपल्या देशापुरते बोलायचे तर संयुक्त राष्ट्रांच्या भ्रष्टाचारविरोधी करारावर भारताने मे २०११ मध्ये शिक्कामोर्तब केले आहे, आणि त्या कराराचे पाचवे कलम सदस्य देशांना आपले कायदे व प्रशासकीय उपाय भ्रष्टाचार रोखायला पुरेसे आहेत की नाहीत हे वेळोवेळी पाहण्याचा प्रयत्न करायला सांगते. केंद्र शासनाने फेब्रुवारी २०१४ मध्ये विधेयकपूर्व विचारविनिमयाचे धोरण जाहीर केले. मसुदा किमान ३० दिवस लोकांसमोर ठेवावा, त्यासोबत त्याचे आर्थिक परिणाम, पर्यावरणावरचे, मूलभूत हक्कांवरचे आणि बाधितांच्या जगण्यावरचे परिणाम सांगावेत, असे त्यात आहे. भ्रष्टाचाराच्या जोखमीचा उल्लेख त्या यादीत नाही, आणि हे धोरण राज्यांना लागूही नाही. सावधगिरीचा इशारा मिळूनही तो सभागृहासमोर आला नाही की काय होते, हे निवडणूक रोख्यांनी दाखवले. रिझर्व्ह बँकेने ही योजना आणणारे वित्त विधेयक मांडले जाण्याआधी, जानेवारी २०१७ मध्येच, लेखी आक्षेप कळवले होते. निवडणूक आयोगाने कायदा झाल्यावर त्याच वर्षीच्या मे महिन्यात कळवले. कंपन्यांच्या देणग्यांवरील साडेसात टक्क्यांची मर्यादा त्या कायद्याने उठली, आणि १५ फेब्रुवारी २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही योजना घटनाबाह्य ठरवताना देणगीच्या बदल्यात लाभाची शक्यता स्पष्ट शब्दांत नोंदवली. मधल्या सात वर्षांत जे व्हायचे ते होऊन गेले होते.

महाराष्ट्रात हे कोणी करावे? विधी व न्याय विभाग मसुदा तपासतो तो घटनात्मकता, भाषा आणि इतर कायद्यांशी सुसंगती या अंगांनी, आणि ते त्याचे योग्य काम आहे. लाचलुचपत प्रतिबंधक विभाग गृह खात्याच्या अखत्यारीत असल्याने शासनाच्याच मसुद्यावर त्याने स्वतंत्र मत द्यावे ही अपेक्षा अवघड आहे. माझी सूचना अशी की विधानमंडळ सचिवालयातच एक लहान कक्ष असावा, त्यात मसुदालेखनाचा जाणकार, निवृत्त जिल्हा न्यायाधीश, लेखापरीक्षणाचा अनुभव असलेली व्यक्ती आणि लाचलुचपत प्रतिबंधक विभागातून प्रतिनियुक्तीवर आलेला अधिकारी असावा, आणि लोकायुक्तांनी वर्षातून एकदा या कक्षाच्या कामाचा आढावा घेऊन तो आपल्यासमोर ठेवावा.

लाचलुचपत प्रतिबंधक विभागातील अधिकारी मी मुद्दाम मागतो आहे. राज्यात दर वर्षी शेकडो सापळे यशस्वी होतात, आणि त्यांच्या यादीत महसूल आणि पोलीस ही खाती वर्षानुवर्षे वरच्या क्रमांकावर असतात. प्रत्येक सापळ्याच्या कागदात तक्रार असते, पडताळणी पंचनामा असतो, रकमेचा तपशील असतो. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखालचे काम अडवून ती रक्कम मागितली गेली, याचे संकलन करून ते विधानमंडळाला कळवण्याची पद्धत मात्र नाही. फेरफार नोंदीसाठी लाच मागितली गेली, हे वृत्तपत्रात येते. त्या नोंदीच्या प्रक्रियेतील कोणत्या पायरीवर ती मागता आली, हे कोणी लिहून ठेवत नाही. असे संकलन दहा वर्षांच्या सापळ्यांवरून केले, तर महाराष्ट्रातील कोणती कलमे वारंवार विकली जातात याची यादीच आपल्या हाती येईल, आणि नव्या विधेयकात तशाच रचनेचे कलम दिसले की त्यावर बोट ठेवता येईल. मला स्वतःला या संपूर्ण प्रस्तावात हे काम सर्वांत मोलाचे वाटते, आणि त्याला नवा कायदाही लागत नाही.

स्वेच्छाधिकार पूर्णपणे काढून टाकावेत असे माझे म्हणणे नाही. पूर, दुष्काळ, साथ यांत अधिकाऱ्याला जागच्या जागी निर्णय घेता आला पाहिजे, आणि प्रत्येक प्रसंग कायद्यात लिहिता येत नाही. पण अधिकार देतानाच मुदत, निकष, प्रसिद्धी आणि अपील यांची सोय करता येते, हे आपणच २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात दाखवून दिले आहे. सेवा किती दिवसांत द्यायची हे आधी अधिसूचित करायचे, ती नाकारली तर कारण द्यायचे, खात्यात दोन अपिले आणि त्यावर आयोग, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांचा दंड. अंमलबजावणीत उणिवा आहेत, दंडही लहान आहे, परंतु मसुदा लिहिणाऱ्याने अर्जदाराची बाजू डोळ्यांसमोर ठेवली होती हे कलमागणिक जाणवते.

उशीर होईल, ही शंका रास्त आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद २१३ खालच्या राज्यपालांच्या अध्यादेशांना थांबवता येत नाही; तेथे अध्यादेशाच्या जागी विधेयक येईल तेव्हा अहवाल तयार असावा, एवढे पुरे. इतर विधेयकांसाठी तीन आठवड्यांची मुदत ठेवावी आणि कक्षाने ती पाळली नाही तर विधेयक पुढे जावे. विशेष जनसुरक्षा विधेयक संयुक्त समितीकडे गेले तेव्हा १२ हजारांहून अधिक सूचना आल्या आणि त्या वाचून समितीने अहवाल दिला. त्या कायद्याविषयी मते काहीही असोत, मनात आणले तर हे विधानमंडळ मसुद्याला वेळ देऊ शकते हे त्यातून दिसले.

तेव्हा माननीय अध्यक्ष आणि माननीय सभापती यांना माझी विनंती आहे की हा विषय दोन्ही सभागृहांच्या नियम समित्यांकडे विचारार्थ पाठवावा आणि विधेयकासोबत भ्रष्टाचार-जोखीम निवेदन जोडणे नियमांनी बंधनकारक करावे. नियम बदलायला वेळ लागेल. तोवर महसूल, नगरविकास आणि गौण खनिज या तीन विषयांवरील विधेयके व नियमांच्या मसुद्यांपुरती ही तपासणी येत्या अधिवेशनापासून प्रायोगिक तत्त्वावर सुरू करता येईल, कारण जमीन, बांधकाम आणि वाळू यांच्याइतका पैसा आपल्या राज्यात दुसऱ्या कोणत्या परवानग्यांत क्वचितच असेल. सन्माननीय सदस्यांना विनंती आहे की अशी व्यवस्था होईपर्यंत प्रत्येक विधेयकाच्या चर्चेत ‘सक्षम प्राधिकाऱ्याची खात्री पटल्यास’ आणि ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’ ही वाक्ये जेथे येतील तेथे मंत्रिमहोदयांना कसोटी विचारावी व उत्तर कार्यवृत्तात घ्यावे. आणि तपासणीचे अहवाल जेव्हा होऊ लागतील, तेव्हा ते मराठीत, विधानमंडळाच्या संकेतस्थळावर मूळ विधेयकाच्या शेजारीच, विधेयक चर्चेला येण्याच्या किमान सात दिवस आधी उपलब्ध असावेत.

कळावे.

आपला विश्वासू,
महसूल व सेवा प्रकरणांत काम करणारा एक वकील आणि मतदार